बाहेरचं माणूस

रंगाची चूल फुटता फुटेना. गुरुराव सकाळपासून पहार घेऊन तिच्या मागे लागला होता आणि ती आपली मख्खासारखी बसून होती. पणजोबानं बांधलेली चूल. तिच्यावर एके काळी माणूस बुडेल एवढी तांब्याची कढई चढायची आणि साऱ्या आवारात ओल्या लाल लुगड्यांच्या रांगा लागायच्या. कढई केव्हाच मोडीत गेली, रंगाऱ्याचा धंदा तिच्याआधी गेला, चुलीत मांजरं व्याली, तरी दगड एकमेकांना सोडायला तयार नव्हते. साठीला टेकलेल्या गुरुरावाला धाप लागली होती आणि बनियन अंगाला चिकटलं होतं.

"अप्पा, सोडा की. जेसीबीवाल्याला सांगतो मी," किरणकुमार मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला.

"जेसीबी आत येईल कुठनं? दार बघ की दार. तू एक हात लाव, सुम्ने नुसता उभा राहू नको."

पोरानं हात लावला. बापलेकांनी मिळून दुपारपर्यंत चूल मोडली आणि दगड भिंतीशी रचले. गुरुरावाची बायको गौराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कांदे चिरत बघत होती. एकेक दगड निघाला की तिचा विळीवरचा हात थांबत होता.

घाई होती ती लायसनची. कन्नड मुलखातल्या ह्या गावात, मेटगळ्ळीत कारखान्यांसमोर त्यांचा बार होता. लायसन गुरुरावाच्या बापानं मिळवलेलं, जागा भाड्याची. पाळी सुटली की कामगार यायचे, उभ्या उभ्या एक ग्लास घ्यायचे, गौराबाईच्या हातचं बोटी-मटण खायचे आणि घरी जायचे. त्यावर तिघांचं घर चाललं होतं. ती जागा मालकानं विकली. जागेचं एवढं काही नव्हतं, पण बारचं लायसन हवेत लटकत नसतं; ते एका दाराला, एका चौकटीला बांधलेलं असतं. नवीन लायसन मिळणं म्हणजे स्वप्नच. तेव्हा जुनं घट्ट धरायचं. जूनअखेर लायसनचं वर्ष संपायच्या आत दुसरी जागा दाखवायची, अबकारी इन्स्पेक्टरनं ती मापून मान्य करायची, तर बार राहणार. नाहीतर तिघांनी हेब्बाळच्या कंपनीच्या गेटावर इडलीची गाडी लावायची.

दुसरी जागा म्हणजे त्यांचं स्वतःचंच घर. पुढच्या दोन खोल्या रस्त्यावर होत्या, तिथं बार. मागच्या आवारात, जिथं चूल होती, तिथं भटारखाना आणि भांडी घासायची मोरी. सगळं चपखल बसत होतं. बसत नव्हती ती एकटी देवी.

आवाराच्या मागच्या भिंतीत हातभर उंचीचा कोनाडा होता आणि त्यात शेंदराची हिंगुळांबा. रंगाऱ्यांची देवी, भावसारांची आई. गुरुरावाच्या बापानं रंग सोडून दारूचं लायसन घेतलं, तेव्हा पोट भरलं तरी मन भरलं नसावं. कारण त्यानं घरात कायदाच केला: बारचा घास ज्याच्या पोटात जातो, त्याच्या हातानं देवीचा दिवा लागायचा नाही. स्वतः तो आवाराच्या तोंडाशी उभा राहून लांबून हात जोडायचा. मग दिवा लावणार कोण? तर गोदा. गुरुरावाची थोरली बहीण. ती तेव्हाच लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली होती. तिच्या नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, तिच्या पोटात बारचा घास नव्हता. तेव्हापासून दर शुक्रवारी गोदा पदराआड तेलाची बाटली घेऊन यायची, कोनाडा पुसायची, दिवा लावायची. नवरा गेला, केस पांढरे झाले, तरी शुक्रवार चुकला नाही. आणि या घरात ती चहासुद्धा घ्यायची नाही. पाणी प्यायची, तेही नळाचं.

शंभूराव आला तो चूल मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी. हा त्यांच्याच समाजातला, अबकारी कचेरीत लोकांचे कागद फिरवून पोट भरणारा. त्यानं पुढच्या खोल्या बघितल्या, मान हलवली. मोरी बघितली, मान हलवली. कोनाड्यापाशी आला आणि मान थांबली.

"हे काय ठेवलंय, गुरुराव?"

"देवी. आपलीच."

"ते दिसतंय मला. शंभर मीटरात शाळा नको, देऊळ नको, मशीद नको, हा कायदा. शाळा लांब आहे. मारुती गल्लीच्या पलीकडं. आणि तू देऊळ घरातच ठेवलंयस!"

"देऊळ कुठलं? कोनाडा आहे की."

"घरातला देव चालतो रे. देव नाही असं घर असतं का? घरच्यांनी पूजा करायची, अष्टे, एवढंच. पण बाहेरचं माणूस येऊन दिवा लावायला लागलं की साहेब म्हणणार, हे देऊळ. मग संपलं. बाहेरचं माणूस येता कामा नये, बघ."

नवरात्रात समाजाच्या बायका ओटी भरायला यायच्या. त्यांना गौराबाईनं लागलीच सांगून टाकलं, यंदापासून आपलं आपल्या घरी. बायकांनी तोंड वाकडं केलं आणि गप्प बसल्या. त्यांचेही नवरे बारचे गिऱ्हाईक होते. राहिली गोदा.

"वन्संना तुम्हीच सांगा," रात्रीचं जेवण वाढताना गौराबाई म्हणाली. "मी सांगितलं तर भावजयीनं तोडलं म्हणतील."

"अक्का काय बाहेरची?"

"मी म्हणते का? तुमच्याच घरची रीत. दसऱ्याला आवारात घराच्या नावानं लाल फडकं बांधता, त्याला वन्संना हात लावू देता का? त्या सासरच्या नावाचं वेगळं बांधतात. आडनाव वेगळं, रेशन कार्ड वेगळं. साहेबानं विचारलं तर काय सांगणार आहात?"

रीत खरीच तशी होती. बहीण एकदा ओटी भरून वाटेला लावली की ती दुसऱ्या घरची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. कायद्याच्या डोळ्यानं ती घरची का बाहेरची, हे शंभूरावाला एका शब्दात विचारता आलं असतं. पण आपली बहीण आपली आहे का, असं एका दलालाला विचारायची त्याला लाज वाटली. ती लाज त्यानं तेव्हा गिळली असती तर पुढचं काही झालं नसतं.

गोदा एका खोलीत राहायची आणि उदबत्त्या वळायची. तिला सांगायला गुरुराव गेला तेव्हा ती दारातच पाट मांडून बसली होती. काळ्या लगद्याचा गोळा, बांबूच्या काड्या, आणि तळहात सपासप पुढंमागं. बाहेर जिटिजिटि पाऊस होता, त्यामुळे वळलेल्या काड्या वाळत नव्हत्या. खोलीभर, खाटेखाली, चुलीच्या कडेनं पसरलेल्या. बसायला जागा नव्हती.

"ये रे, गुरू. त्या काड्या सरकव आणि बस. ऊटा आयता? जेवलास का?"

"झालं गं."

"खोटं. तुझं पोट बघ कसं आत गेलंय."

तिनं हात धुतले. धुतले तरी ते काळेच राहिले; बोटांच्या रेघांत कोळसा कायमचा बसला होता. बापाचे हात असेच होते, फक्त लाल. तिनं उप्पिट्टु गरम करून ताटलीत वाढलं, वर शेव घातली, लहानपणी घालायची तशी. आई पुढं बारच्या भटारखान्यात अडकली तेव्हा ह्याच बाईनं गुरुरावाला आपल्या सासरी बोलावून असं भरवून शाळेत धाडलं होतं. बाप गेल्यावर लायसन गुरुरावाच्या नावावर करायचं तर दुसऱ्या वारसाची हरकत नको होती. गोदा कचेरीत आली, मला काही नको म्हणाली, सही केली आणि चालत घरी गेली. हे सगळं त्या ताटलीत होतं.

"काय सांगायला आलास?"

"काही नाही. सुम्ने आलो."

"नवीन जागेचं झालं का? साहेब येतो म्हणे बघायला."

"येईल. नक्की नाही कधी ते."

साहेब शुक्रवारी सकाळी येणार हे शंभूरावानं त्याला कालच सांगितलं होतं. 'अक्का, ह्या शुक्रवारी येऊ नको,' एवढेच शब्द होते. त्यानं ते तोंडापर्यंत आणले. ती समोर बसून त्याच्या ताटलीकडे बघत होती, अजून वाढू का म्हणून. शब्द उप्पिट्टुबरोबर खाली गेले. तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "चूल मोडलीस म्हणे. देवीवर धूळ बसली असेल. शुक्रवारी नीट पुसते." तो हो म्हणाला आणि पायरी उतरला.

घरी गौराबाईनं विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली."

गौराबाईनं सुटकेचा श्वास टाकला. गुरुराव हातपाय धुवायला गेला आणि बराच वेळ नळाखाली उभा राहिला. मनात म्हणत होता, एखादा शुक्रवार माणसाचा चुकतोच; पाऊस आहे, काड्या वाळत नाहीत, येणार नाही ती. आपल्या बहिणीला इतकं ओळखून असलेला माणूस स्वतःला असं फसवू शकतो, हीही एक कलाच म्हणायची.

शुक्रवारी इन्स्पेक्टर मंजुनाथ दोन शिपाई आणि एक लांब टेप घेऊन आला. माणूस तरुण, बोलायला मऊ, कपाळाला बारीक गंध. शिपायांनी बारच्या दारापासून शाळेच्या गेटापर्यंत टेप धरला. सरळ रेषेत नव्हे; माणूस जसा चालत जाईल तसा, फुटपाथनं, वळणानं. गुरुराव टेपाच्या मागोमाग वाकून चालत होता, कुठं चिखलात टेकला तर उचलून धरत होता. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कारखान्याला निघालेले ओळखीचे कामगार स्कूटर थांबवून बघत होते. "काय गुरुराव, रस्ता विकत घेताय का?" एकानं विचारलं. गुरुराव हसला.

माप ठीक निघालं. मारुतीही पलीकडेच राहिला. पुढच्या खोल्या झाल्या, दारं झाली, साहेब आवारात आला. मोरीशी जुन्या बारमधून आणलेली भांडी आणि ग्लासांची खोकी रचून ठेवली होती, बंद पडल्यापासून न धुतलेली. ग्लासांना शिळ्या दारूचा वास होता. साहेबानं नाकाशी रुमाल धरला, मग कोनाड्याकडे बघितलं.

"हे?"

"घरातली देवी, सर. कुलदेवता," गुरुराव कन्नडमध्ये म्हणाला. "घरचेच पूजा करतात. बाहेरचं कोणी नाही."

"अच्छा." साहेब लिहू लागला.

तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि गोदा आत आली. धुतलेलं लुगडं, ओले केस, पदराआड बाटली. गौराबाईनं स्वयंपाकघरातून तिला बघितलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं.

साहेबानं लिहिता लिहिता मान वर केली. "यारिवरु?"

साधा प्रश्न होता, ह्या कोण. गुरुरावाच्या डोक्यात एकाच वेळी जून महिना, शंभूराव, इडलीची गाडी आणि बाहेरचं माणूस ह्या चार गोष्टी एकमेकींवर आपटल्या. आणि त्याच्या तोंडून निघालं, "केलसदवळु, सर." कामवाली आहे.

गोदा दोन पावलं चालून आली होती. ती थांबली. तिनं भावाकडे बघितलं, रागानं नाही. लहान पोर पडलं की कुठं लागलं ते शोधावं तसं. मग बाटली कमरेच्या ओच्यात खोचली, पदर आवळला, मोरीशी जाऊन उकिडवी बसली आणि सगळ्यात वरचा ग्लास उचलून घासायला लागली. दारूच्या ग्लासाला तिचा हात आयुष्यात पहिल्यांदा लागला. गुरुरावाला तो आपल्या तोंडावर फिरल्यासारखा वाटला.

साहेब जाता जाता तिच्यापाशी थांबला. वडीलधाऱ्या माणसांशी बोलायची त्याला सवय असावी. "अम्मा, केव्हापासून काम करता इथं?"

"हुट्टिदागिनिंद," गोदा मान वर न करता म्हणाली. जन्मल्यापासून.

"देवीचा दिवा तुम्ही लावता?"

"नाही, सर. घरचे लावतात."

साहेबानं टिपून घेतलं. शेजारच्या दोघांना बोलावून महजरावर, म्हणजे पंचनाम्यावर, सह्या घेतल्या. चहा घेताना तो मोकळा झाला. "तुमचं पाहून घरची आठवण झाली. आमच्याकडेही परसात चौडेश्वरी आहे. दिवा अक्काच लावते. लग्न होऊन नंजनगूडला गेली, तरी शुक्रवार धरून येते. बहिणीनं लावलेला दिवाच बरा, नाही का?"

"बहीण... म्हणजे घरचीच धरायची, सर?" गुरुरावाचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"मग काय बाहेरची?" साहेब हसला.

आता बोलायचं होतं. सर, ती मोरीवरची माझी अक्का, एवढंच. पण म्हणजे मघाशी सरकारी माणसासमोर खोटं बोललो. मग बाकीचं तरी खरं कशावरून? सही झालेला कागद टेबलावर होता आणि साहेबानं पेनाला टोपण लावलं होतं. गुरुरावानं बशी पुढं केली. "सर, बिस्किट घ्या."

साहेब गेला. गोदानं सगळे ग्लास घासून पालथे घातले होते. गौराबाई तिच्याजवळ खाली बसली, "वन्सं, उठा, पाया पडते तुमच्या," म्हणत रडायला लागली. गोदा उठली, ओच्यातली बाटली काढून कोनाड्याखालच्या दगडावर ठेवली आणि दिवा न लावता मागच्या दारानं गेली.

गुरुराव संध्याकाळी तिच्या खोलीवर गेला. दार ओढलेलं होतं. आत उदबत्तीच्या काड्यांचा सपासप आवाज येत होता. त्यानं हाक मारली नाही. कडीला हात लावला आणि परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार करकरलं. गोदा आली, लुगडं खोचलं, मोरीशी बसली आणि रात्रीची भांडी ओढून घेतली.

"अक्का, काय करतीस?" गुरुराव धावत आला. "सोड ते. साहेब गेला, झालं सगळं."

"झालं कुठं? लायसन आलं का हातात?"

"येईल. तू उठ."

"आणि साहेब परत आला तर? कामवाली कुठं म्हणाला तर? खोटं बोललास ते बोललास, आता निभवायला नको?" ती राख घेऊन पातेलं घासत होती. "बेगा जा, आंघोळ कर."

ती थट्टा करते की मनापासून बोलते, हे गुरुरावाला लहानपणापासून कधी कळलं नव्हतं. आताही कळलं नाही. त्यानं तिच्या हातातलं पातेलं धरलं. तिनं सोडलं नाही. दोघं म्हातारी माणसं एका पातेल्याला धरून ओढाताण करतायत हे स्वयंपाकघरातून दिसू लागलं, तेव्हा त्यालाच शरमून सोडावं लागलं.

"मग दिवा तरी लाव," तो म्हणाला.

तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. राख, खरकटं, चिकट पाणी. "ह्या हातांनी? आपल्या अप्पांचा कायदा विसरलास? आता माझे हात तुमच्यातले झाले." मग गौराबाईला हाक मारून म्हणाली, "वैनी, चहा असला तर दे अर्धा कप. आता घ्यायला काय हरकत?"

तो चहा गौराबाईनं दिला, तेव्हा बशीत अर्धा सांडला. गोदा सांडलेलाही प्याली.

लायसन आलं. जुलैत पुढच्या खोल्यांत बार सुरू झाला. पाळी सुटल्यावर कामगार पाच मिनिटं जास्त चालत यायला लागले. धंदा बसला. किरणकुमार काउंटरवर, गौराबाई चुलीशी, गोदा मोरीवर. उदबत्त्या तिनं हळूहळू सोडल्या, दोन्ही जमेना. बोटांतला कोळसा निघून गेला आणि हात पांढरे, सुरकुतलेले, पाण्यानं फुगलेले दिसायला लागले. दसऱ्याला आवारात एकही फडकं बांधलं नाही. गुरुरावानं एकदा चोरून दिव्यासाठी काडी ओढली होती, बापाचा कायदा मोडून, पण वात कोरडी होती आणि अंगठा भाजला. पुन्हा त्याची छाती झाली नाही.

समाजाच्या एका लग्नात पंगतीत शंभूराव शेजारी बसला. "बहिणीला कामाला ठेवलंस म्हणे. बरं केलंस. विश्वासाचं माणूस मिळत नाही हल्ली." समोरच्या रांगेतल्या बायकांचे घास थांबले. गुरुरावानं मान खाली घालून भात कालवला, कालवत राहिला. त्याला त्या पंगतीत पत्रावळीखाली शिरावंसं वाटलं. घरी येऊन त्यानं गौराबाईला काही सांगितलं नाही, पण ती त्याच पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होती.

वर्ष फिरलं. पुन्हा जून, पुन्हा जिटिजिटि पाऊस, पुन्हा मंजुनाथ साहेब, ह्या वेळी नूतनीकरणाच्या पाहणीला. टेप नव्हता. पुढच्या खोल्यांवर नजर टाकून तो आवारात आला. गोदा मोरीवर होती. समोर ग्लासांचा ट्रे, शेजारी घासलेले.

"अम्मा, आहात का अजून?" साहेब ओळखीचं हसला.

गुरुरावानं वर्षभर हा क्षण मनात घासून ठेवला होता. त्यानं बोलायचं ठरवलं होतं, लायसन राहो की जावो.

"सर, ही कामवाली नाही. माझी थोरली बहीण आहे. एका आईची. गेल्या वर्षी मी खोटं बोललो."

गौराबाई दारात आली. साहेबानं एकदा गुरुरावाकडे, एकदा गोदाच्या हातांकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"बहीण? मग त्या भांडी का घासतात?"

गुरुरावानं एवढं सगळं पाठ केलं होतं, ह्या प्रश्नाचं उत्तर तेवढं केलं नव्हतं. तो उभा राहिला. त्याचे डोळे भरले.

उत्तर गोदानं दिलं, ग्लास विसळता विसळता. "ह्यानं सांगितलं म्हणून, सर. लहान आहे हा. लहानपणापासून हा जे म्हणेल ते मी करत आले."

सरकारी माणूस अशा वेळी कागदात शिरतो, तसा साहेबही शिरला. फाईल उघडली, कोनाड्यापाशी गेला. कोनाड्याला लागून रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचले होते. दिव्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. दगडावर तेलाची ती बाटली वर्षाची धूळ खात तशीच उभी होती.

"इथं पूजा होत नाही वाटतं आता?"

गोदानं पुढचा ग्लास उचलला.

"मग प्रश्नच मिटला," तो हलक्या आवाजात म्हणाला आणि लिहिलं. "देवस्थान असा शेराच काढून टाकतो. पुढच्या वर्षीपासून हे बघायलाही नको. लायसनला काही भीती नाही तुमच्या."

तो गेल्यावर गुरुराव बाटली उचलून मोरीशी आला आणि बहिणीसमोर उकिडवा बसला. गुडघे कटकन वाजले. "अक्का," तो म्हणाला, "मी सांगितलं गं त्याला. ऐकलंस ना? आता ऊठ. हात धू. दिवा लाव."

गोदानं बाटलीकडे बघितलं, मग त्याच्या ओल्या तोंडाकडे. हाताच्या पाठीनं, खरकटं लागू नये म्हणून मनगट वळवून, तिनं त्याच्या गालावरचं पाणी पुसलं.

"सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "तो ट्रे इकडं सरकव. पाळी सुटायची वेळ झाली."

त्यानं बाटली खाली ठेवली आणि ट्रे सरकवला.